सायकल, कुलूप आणि आमचं उघडं गॅरेज

(मंडळाच्या सायकल सहलीच्या आदल्या रविवारी केलेलं हे भाषण. अंकासाठी लिहून काढताना थोडं आटोपशीर केलं आहे, पण बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'सिक्युरिटी तज्ज्ञ' असं छापलंय. मी कॉम्प्युटर इंजिनियर आहे आणि आयटी कन्सल्टंट म्हणून नोकरी करतो. म्हणजे इथे बसलेल्या निम्म्या मंडळींसारखाच! (हशा) कुलपांचा माझा अभ्यास सुरू झाला तो आमच्या घरची सायकल चोरीला गेल्यावर. बैल गेला आणि झोपा केला, असं आपल्याकडे म्हणतात. माझ्या बाबतीत सायकल गेली आणि गूगल केलं!

झालं असं. गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या चिरंजीवांचा अकरावा वाढदिवस झाला. त्याला निळी, गियरची, मोठ्या माणसांसारखी सायकल घेतली. साडेचारशे डॉलर. सोबत एक चांगलं यू-लॉकही घेतलं. तीन आठवड्यांनी एका शनिवारी सकाळी मुलगा गॅरेजमध्ये गेला आणि तसाच परत आला. म्हणाला, "बाबा, माझी सायकल तुम्ही कुठे ठेवली?" मी काही ठेवली नव्हती. गॅरेजचं दार सताड उघडं होतं. माझी जुनी सायकल होती, बायकोची होती, लॉनमोवर होता. नवी निळी सायकल तेवढी गेली होती. आणि ते नवं कोरं यू-लॉक? ते भिंतीवरच्या हुकाला टांगलेलं होतं. अगदी शोभेच्या तोरणासारखं!

मग मी काय केलं? पोलिसांना फोन करायच्या आधी मी मुलाला झापलं. "किती वेळा सांगितलं, शेवटी येणाऱ्याने दार बंद करायचं! वस्तूची किंमतच नाही तुम्हा मुलांना!" वगैरे. आपल्या वडिलांनी आपल्याला ऐकवलेलं सगळं, व्याजासकट. तो एवढंच म्हणत होता, "बाबा, मी बंद केलं होतं. आय प्रॉमिस." मी ऐकलं नाही. हा भाग लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी नंतर येणार आहे.

कुलूप म्हणजे वेळ

मी वाचायला लागलो तेव्हा माझा प्रश्न सरळ होता. न तुटणारं कुलूप कोणतं? उत्तर असं मिळालं की न तुटणारं कुलूप नाहीच. प्रत्येक कुलूप तुटतं किंवा उघडतं. प्रश्न फक्त किती वेळात आणि कुठल्या अवजाराने, एवढाच असतो.

याची एक मजेदार गोष्ट आहे. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा कुलूप बनवणारा होता. त्याच्या कंपनीने 1790 मध्ये पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलं आणि खाली लिहिलं, हे किल्लीशिवाय उघडून दाखवेल त्याला 200 गिनी बक्षीस. साठ वर्षं ते कोणालाही उघडता आलं नाही. 1851 मध्ये लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी आल्फ्रेड हॉब्स नावाचा एक अमेरिकन कुलूपवाला तिथे गेला होता. त्याने ते उघडलं. सोळा दिवसांत मिळून 51 तास लागले, पण उघडलं. म्हणजे जगातल्या त्या वेळच्या सर्वोत्तम कुलपाचीही एक किंमत ठरली, 51 तास. आपल्या सायकलच्या कुलपाची किंमत मात्र सेकंदांत किंवा मिनिटांत मोजायची असते.

म्हणून दुकानात 'हे मजबूत आहे का?' असं विचारण्यात अर्थ नाही. स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझी सायकल तिथे किती वेळ उभी राहणार? तेवढ्या वेळात तिच्याकडे कोणाचं लक्ष असणार? आणि शेजारी उभ्या असलेल्या सायकलींपेक्षा ती पळवणं सोपं आहे का? या तीन उत्तरांवर कुलूप ठरतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्या वेळी पुण्याहून आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेले होते. अण्णांनी सत्तरच्या दशकात नारायण पेठेतून फर्ग्युसन कॉलेजपर्यंत रोज सायकल दामटलेली. तेव्हा पुणं म्हणजे सायकलींचं शहर. ते म्हणाले, "अरे, आमच्या सायकलला मागच्या चाकावर ते गोल कुलूप असायचं. कट् करून दांडी आत सरकवायची आणि किल्ली खिशात. कुठे बांधणं नाही, काही नाही. कोणी नेली नाही कधी."

मला आधी हसू आलं. ते गोल कुलूप फक्त चाक फिरू देत नाही. सायकल उचलली की चालला चोर! पण नीट विचार केल्यावर कळलं की अण्णांचं कुलूप एकटं नव्हतंच. ती लोखंडी सायकल वीस किलोची. कुलूप लावलेली तसली सायकल खांद्यावर घेऊन कोणी भर पेठेतून निघाला, तर चार जण विचारणार, "काय हो, कोणाची?" टॉकीजबाहेर सायकल स्टँड असे, तिथे माणूस बसलेला असे, तो बिल्ला द्यायचा आणि बिल्ला परत घेतल्याशिवाय सायकल सोडायचा नाही. म्हणजे कुलूप सेकंदांचंच होतं, बाकीचा वेळ माणसांचे डोळे द्यायचे. नेदरलँड्समध्ये हे गोल कुलूप आजही घरोघरी आहे, पण तिथलेही लोक जास्त वेळ सायकल ठेवायची असली तर जोडीला साखळी लावतात.

आणि आपल्या अ‍ॅशबर्नमध्ये? रस्ते स्वच्छ, हिरवळ कापलेली, घरं सुंदर. पण दुपारी अकरा वाजता आपल्या टाउनहाउसच्या गल्लीत जाऊन बघा, चिटपाखरू दिसणार नाही. इथे डोळे कमी आहेत. म्हणून इथे कुलपाला जास्त काम पडतं.

चोराची अवजारं आणि आपली कुलपं

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, पॉवरपॉइंट आणलेलं नाही.

सगळ्यात खालच्या पायरीवर आहे केबल. प्लॅस्टिकचं आवरण असलेली तारेची दोरी, बहुतेक वेळा नंबरच्या कुलपाची. पंधरा-वीस डॉलरला मिळते, हलकी असते, गुंडाळून ठेवता येते. आपल्यापैकी बहुतेकांच्या गॅरेजमध्ये हीच असेल. ही केबल हातात मावणाऱ्या कटरने काही सेकंदांत तुटते. शिवाय स्वस्तातली नंबरची कुलपं ओढून धरून आकडे हळूहळू फिरवले, तर कुठे अडकतंय ते बोटांना कळतं आणि नंबर सापडतो. केबल एकटी कधी वापरू नका. तिचा उपयोग पुढचं चाक किंवा हेल्मेट मुख्य कुलपाला जोडून ठेवण्यापुरता.

त्यानंतर साखळी. इथे जाडीवर सगळं आहे. हार्डवेअरच्या दुकानातली साधी साखळी बोल्ट कटरने पावासारखी कापली जाते. पाणी दिलेल्या, म्हणजे कठीण केलेल्या पोलादाची, चौकोनी किंवा षटकोनी कड्यांची, चौदा मिलिमीटर जाडीची साखळी ही वेगळीच चीज आहे. तिला बोल्ट कटर सहसा दाद देत नाही. पण मीटरभर लांबीचं वजन चार-पाच किलो! ती घेऊन ट्रेलवर निघालात तर सायकल चालवण्याऐवजी व्यायामशाळेत गेल्यासारखं वाटेल. ती घरासाठी.

तिसरं यू-लॉक, इंग्रजी यू अक्षरासारखी दांडी आणि तिला आडवा दांडा. बाहेर नेण्यासाठी वजन आणि मजबुती यांचा चांगला मेळ यात बसतो. घेताना चार गोष्टी पाहा. दांडी किमान तेरा मिलिमीटर जाड असावी. आकार लहान असावा. मोठ्या यू-लॉकमध्ये रिकामी जागा राहते, तिथे चोर पहार किंवा गाडीचा जॅक घालून ते फाकवतो. तिसरं म्हणजे दांडीची दोन्ही टोकं आडव्या दांड्यात पक्की अडकत असावीत, म्हणजे एका ठिकाणी कापल्यावर कुलूप फिरवून काढता येत नाही, दोनदा कापावं लागतं. आणि चौथं, पाकिटावर एखाद्या स्वतंत्र संस्थेचा शेरा आहे का ते बघा. ब्रिटनमध्ये 'सोल्ड सिक्युअर' नावाची संस्था आहे. ते कुलपं खरोखर फोडून बघतात आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशी पायरी देतात. कंपनीने स्वतःच छापलेलं 'सुरक्षा 10 पैकी 9' हे मात्र लग्नाच्या स्थळाच्या माहितीसारखं असतं. लिहिणारे घरचेच! (हशा)

चौथं फोल्डिंग लॉक, पट्ट्यांचं, घडी होणारं. फ्रेमला छान बसतं, मुलांना आवडतं. पण पट्ट्या जिथे रिव्हेटने जोडलेल्या असतात, तिथे ते कमजोर असू शकतं. थोड्या वेळासाठी ठीक.

आता सगळ्यांचा बाप, अँगल ग्राइंडर. बॅटरीवर चालणारा, पिशवीत मावणारा. साधं चांगलं यू-लॉक त्याने एखाद्या मिनिटात कापलं जातं. ठिणग्या उडतात, कर्कश आवाज होतो, पण लोकांना वाटतं कोणी दुरुस्ती करतंय. 2021 नंतर ग्राइंडरची चकती झिजवून टाकणारी कुलपं बाजारात आली आहेत, हिपलॉक आणि लाइटलॉक या कंपन्यांची. चोराला चकत्या बदलत बसावं लागतं. किंमतही तशीच भारी. ज्यांची दोन-तीन हजारांची ई-बाइक रोज मेट्रो स्टेशनवर उभी राहते, त्यांनी विचार करावा. आपल्या शाळकरी मुलाच्या सायकलला ते म्हणजे मुंगीला मूठभर साखर.

आणखी एक सूचना. तुमच्या बेसमेंटमध्ये किंवा एखाद्या गराज सेलमध्ये जुनं यू-लॉक असेल आणि त्याची किल्ली पोकळ नळीसारखी गोल असेल, तर ते वापरू नका. क्रिप्टोनाइट हे यू-लॉकमधलं मोठं नाव. 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये त्यांच्या कुलपाने बांधलेली सायकल तीस दिवस रस्त्यावर ठेवून पाहिली होती. सुटे होणारे सगळे भाग लोकांनी नेले, पण फ्रेम आणि कुलूप जागेवर राहिलं. कंपनीचं नाव झालं. पुढे 2004 च्या सप्टेंबरमध्ये कोणीतरी साध्या बिक बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीने ते गोल किल्लीचं कुलूप उघडून दाखवलं! व्हिडिओ इंटरनेटवर पसरला आणि कंपनीला लाखो कुलपं फुकट बदलून द्यावी लागली. आम्हा आयटीवाल्यांना यातली खरी गंमत पुढे आहे. हीच खोट 1992 मध्येच ब्रिटनच्या एका सायकल मासिकात छापून आली होती. बारा वर्षं माहीत असलेला 'बग', पण पॅच कोणी केला नाही. आपल्या ऑफिसातही असले बग असतात, नावं घेत नाही!

बांधायचं कसं

महाग कुलूप चुकीचं लावलं तर स्वस्त कुलपाइतकंच निरुपयोगी. मी स्वतः दोन वर्षं पुढचं चाक रॅकला बांधत होतो. आजकालच्या बऱ्याच सायकलींना चाक काढायला पाना लागत नाही. क्विक रिलीजची दांडी उलटी केली की चाक सुटतं. म्हणजे चोर पुढचं चाक तिथे ठेवून बाकी सायकल घेऊन जाऊ शकतो. आपण परत येतो तेव्हा कुलूप शाबूत, किल्ली शाबूत, चाक शाबूत!

नियम सोपा आहे. कुलपाने तीन गोष्टी एकत्र बांधायच्या, फ्रेम, मागचं चाक आणि जमिनीत पक्का रोवलेला रॅक. मागचं चाक का? कारण त्याला गियर असतात, ते महाग असतं. बॉस्टनजवळचे शेल्डन ब्राउन नावाचे एक सायकल मेकॅनिक होते, 2008 मध्ये वारले. सायकलविषयी त्यांनी इंटरनेटवर अक्षरशः खजिना लिहून ठेवला आहे. त्यांची युक्ती अशी की छोटं यू-लॉक मागच्या चाकाच्या रिमभोवती लावायचं, पण फ्रेमचा मागचा जो त्रिकोण असतो त्याच्या आतल्या भागात. चाक त्या त्रिकोणातून ओढून निघत नाही, म्हणून फ्रेमही आपोआप अडकते. यावर वाद घालणारे आहेत, पण लहान कुलपात काम भागतं हे खरं. जमलं तर फ्रेमची नळीही त्यात घ्या.

रॅकसुद्धा तपासा. उलट्या यू आकाराचा, काँक्रीटमध्ये बसवलेला रॅक सगळ्यात चांगला. आधी हाताने हलवून बघा. साइनबोर्डचा खांब असेल तर वर बघा, सायकल उचलून वरून काढता येईल का? कोवळं झाड, लाकडी कुंपण, जाळीचं कुंपण यांना बांधू नका. ही कापायला कुलपापेक्षा सोपी. किल्लीचं भोक जमिनीकडे ठेवा, म्हणजे पाऊस आणि चोराचा हात दोन्ही कमी जातील. थंडीत कुलूप आखडलं तर डब्ल्यूडी-40 मारून सोडून देऊ नका, ते थोडाच वेळ टिकतं. कुलपासाठी मिळणारं कोरडं वंगण घाला. घेतल्या दिवशीच किल्लीवरचा नंबर लिहून ठेवा, म्हणजे दुसरी किल्ली मागवता येते.

आता आपली तीन नेहमीची ठिकाणं घेऊ.

पहिलं, आपला डब्ल्यू अँड ओडी ट्रेल. नवीन मंडळींसाठी सांगतो, ही पूर्वीची रेल्वेलाइन. रेल्वे 1968 मध्ये बंद पडली आणि पुढे तिच्या जागेवर शर्लिंग्टनपासून पर्सेलव्हिलपर्यंत 45 मैलांचा ट्रेल झाला, तो अ‍ॅशबर्नमधून जातो. तिथे आपण थांबतो दहा-पंधरा मिनिटं, कॉफीला किंवा बाथरूमला, आणि ग्रुपमध्ये. हलकं यू-लॉक पुरे. रॅक नसेल तर दोन सायकली उलटसुलट, एकीचं तोंड दुसरीच्या शेपटीकडे, अशा लावून दोन्ही फ्रेम एकत्र बांधा. जोडसायकल चालवून पळता येत नाही. आणि एक माणूस खाली बसवा. तो आपला सायकल स्टँडवाला!

दुसरं, मेट्रो स्टेशन. सिल्व्हर लाइन 15 नोव्हेंबर 2022 ला अ‍ॅशबर्नपर्यंत आली आणि आपल्यापैकी काही जण स्टेशनपर्यंत सायकलने जायला लागले. तिथे सायकल आठ-दहा तास एकटी असते, आणि ती रोज त्याच जागी असते हे बघणाऱ्याला कळतं. इथे जाड यू-लॉक आणि जोडीला वेगळ्या प्रकारचं दुसरं कुलूप, म्हणजे दोन वेगळी अवजारं लागतात. दिवे, पंप, ई-बाइक असेल तर बॅटरी, सोबत घेऊन जा. सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे स्टेशनसाठी एक जुनी, रंग उडालेली सायकल ठेवा. चोराने तोंड फिरवावं अशी!

तिसरं, शाळा. इथे कुलूप मुलाच्या हातात बसणारं पाहिजे. दुकानात मुलाला घेऊन जा आणि त्यालाच तीनदा लावायला-काढायला सांगा. जे कुलूप त्याला जड जातं किंवा किचकट वाटतं, ते चौथ्या दिवसापासून दप्तरात राहणार. लावलेलं साधं यू-लॉक हे न लावलेल्या डायमंड कुलपापेक्षा कधीही चांगलं. आमच्या घरच्या हुकाला टांगलेलं कुलूप आठवा.

आणि घर

आता मघाशी बाजूला ठेवलेल्या भागाकडे येतो.

आपण अ‍ॅशबर्नचे लोक सुरक्षेच्या बाबतीत फार हुशार. जगातल्या डेटा सेंटरची सगळ्यात मोठी वस्ती आपल्या दाराशी आहे. इथले कितीतरी जण त्यांच्या आत काम करतात. तिथे कुंपण, मग गेट, मग पहारेकरी, मग बॅज, मग दुहेरी दार, मग सर्व्हरच्या पिंजऱ्याचं कुलूप. एक थर चुकला तर दुसरा असतो. मीही क्लायंटला हेच शिकवतो, एका थरावर विसंबू नका. आणि घरी माझ्याकडे किती थर होते? एक. गॅरेजचं दार. ते उघडं राहिलं की संपलं.

सायकल गेल्यावर दहा-बारा दिवसांनी अण्णांच्या फोनवर गॅरेजच्या दाराचं अ‍ॅप घालून देत होतो, म्हणजे ते फिरून आल्यावर त्यांना दार उघडता यावं. सेटिंगमध्ये हिंडताना मला 'हिस्टरी' दिसली. लॉग वाचणं हा तर माझा धंदा. म्हटलं बघू या. त्या शुक्रवारी संध्याकाळी 7 वाजून 48 मिनिटांनी दार बंद, भिंतीवरच्या बटणाने. तो मुलगा. रात्री 11 वाजून 12 मिनिटांनी दार उघडलं, माझ्या फोनवरून. त्यानंतर सकाळपर्यंत नोंदच नाही.

तेव्हा आठवलं. रात्री रिसायकलिंगचा डबा कोपऱ्यावर ठेवायला मी बाहेर गेलो. तेवढ्यात ऑफशोर टीमचा फोन आला. बोलत बोलत पुढच्या दाराने आत आलो आणि तसाच झोपलो.

मी बराच वेळ तो स्क्रीन बघत बसलो. अण्णा शेजारीच होते. त्यांनी विचारलं, "काय रे, काय झालं?" मी दाखवलं. अण्णा काही बोलले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "माझीही एक सायकल गेली होती, कॉलेजात. मीच कुलूप लावायला विसरलो होतो. घरी सांगितलं, स्टँडवाल्याने दिली कोणाला तरी. त्या बिचाऱ्याला तुझ्या आजोबांनी नाही नाही ते ऐकवलं." थोड्या वेळाने म्हणाले, "मी कधी जाऊन सांगितलं नाही त्याला. राहिलंच."

त्या रात्री मी मुलाच्या खोलीत गेलो. लॉग दाखवला आणि सॉरी म्हणालो. खरं सांगतो, इतका अवघड सॉरी मी कुठल्या क्लायंटलाही म्हटलेला नाही. तो वेळा वाचत होता, 7.48, 11.12. मग म्हणाला, "आय टोल्ड यू, बाबा." बस्. त्याला सायकलपेक्षा ते जास्त लागलं होतं, की मी विश्वास ठेवला नाही. सायकल दुकानात मिळते.

म्हणून घरासाठी माझी यादी अशी आहे. एक, दार आपोआप बंद होण्याची वेळ अ‍ॅपमध्ये घाला. रात्री दहानंतर उघडं राहिलं तर फोनवर सूचना यावी. दोन, गॅरेजचा रिमोट बाहेर उभ्या गाडीत ठेवू नका. गाडीची काच फोडली की घराची किल्ली मिळाली. तीन, गॅरेजच्या काँक्रीटमध्ये बोल्टने बसवायचा अँकर मिळतो, तो बसवा आणि घरातल्या सगळ्या सायकली एका जाड साखळीने त्याला बांधा. वजनाची चिंता नाही, ती तिथेच राहणार. अपार्टमेंटच्या तळमजल्यावर सायकली ठेवणाऱ्यांनी तर हे करावंच. फक्त जमिनीत भोक पाडण्याआधी व्यवस्थापनाला विचारा. चार, बोल्ट कटर आणि ग्राइंडर त्याच गॅरेजमध्ये सायकलीशेजारी टांगून ठेवू नका! चोराला अवजार आपणच पुरवायचं, हे फार पाहुणचाराचं झालं.

गेलीच तर

आज घरी गेल्यावर पाच मिनिटांचं एक काम करा. सायकल उलटी करा. पेडलचा आस फ्रेममध्ये जिथे बसतो तिथे खाली बहुतेक सायकलींना सिरियल नंबर कोरलेला असतो. त्याचा फोटो काढा, सायकलचाही काढा, पावतीसोबत ठेवा. 'बाइक इंडेक्स' नावाची ना-नफा संस्था 2013 पासून आहे, तिथे फुकट नोंद होते. चोरीला गेल्यावर पोलिसांकडे तक्रार करताना हा नंबर लागतो. नंबर असेल तर चोरीच्या मालाच्या राष्ट्रीय यादीत ती सायकल जाऊ शकते. नंबर नसेल तर 'निळी सायकल' एवढंच आपण सांगू शकतो. मी एवढंच सांगू शकलो होतो.

विम्याबद्दल. घरमालकाच्या किंवा भाडेकरूच्या पॉलिसीत सायकल बहुधा येते, पण आधी डिडक्टिबल बघा. ते हजार डॉलरचं असेल आणि सायकल साडेचारशेची, तर हातात शून्य. ई-बाइक बऱ्याच पॉलिसींत वगळलेली असते, एजंटला विचारून घ्या. सीटखाली लपवलेला एअरटॅग उपयोगी आहे, पण नकाशावर सायकल दिसली म्हणून आपण शूरवीर बनून तिथे जायचं नाही. पोलिसांना सांगायचं. साडेचारशे डॉलरसाठी जीव धोक्यात घालायचा नसतो.

आमची निळी सायकल परत मिळाली नाही. मुलाला वापरलेली एक हिरवी घेतली, निम्म्या किमतीत. यू-लॉक तेच, आता रोज लागतं. जायच्या आधी अण्णांनी त्याच्या सायकलला मागच्या चाकाचं एक गोल कुलूप ऑनलाइन शोधून बसवून दिलं. दुधाची पिशवी आणायला मुलगा दुकानात धावतो, तेव्हा कट् करून दांडी सरकवतो. कुलूप सेकंदांचंच आहे, पण त्याचं कामही सेकंदांचंच असतं, आणि दुकानाच्या काचेतून सायकल त्याला दिसत असते. झोपायच्या आधी गॅरेजचं दार बघायची पाळी आता माझी आहे. तो गॅलरीतून ओरडून विचारतो, "बाबा, लॉग काय म्हणतो?"

तर मंडळी, शनिवारी सकाळी आठला अ‍ॅशबर्न रोडपाशी ट्रेलवर भेटायचं. गूज क्रीकच्या पुलावरून लीसबर्गला जाऊन परत. पाणी, हेल्मेट आणि दोन कुटुंबांत मिळून एक यू-लॉक आणा. किल्ली कोणाकडे आहे ते निघायच्या आधी विचारून घ्या. आणि घरून निघताना गॅरेज बंद करायला विसरू नका.



(ता. क. सहल छान झाली. एकवीस सायकली गेल्या, एकवीस परत आल्या. एका यू-लॉकची किल्ली मात्र लीसबर्गच्या कॉफीच्या टेबलावर राहिली आणि ती आणायला एक काका परत गेले. कोण, ते सांगत नाही! सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा.)